डोमाजीभाऊंचा गरुड

डोमाजीभाऊंना जेवायला बोलावलं की ते कोंबडीचा रस्सा सोडतात आणि हाडं मागतात. एखादी बरगडी कमी दिसली तर रश्श्याच्या गंजात डोकावून बघतात. मग ती हाडं चुन्याच्या पाण्यात उकळून, उन्हात वाळवून तारेनं बांधतात. कोंबडं घासाघीस करून आणायचं मी, आणि माझी बायको हाडं धुऊन पाठवणार त्यांच्याकडे. माझा रंगाचा एक ब्रश तिनं कधी धुतला नाही.

चामोर्शीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. भाऊ गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. निवृत्तीनंतर एकटेच राहतात आणि ती बांधलेली हाडं समोर ठेवून वहीत पुराणातल्या प्राण्यांचे सांगाडे काढतात. शरभाला आठ पाय, म्हणून कंबरेची हाडं दोन. ऐरावताला चार सुळे, म्हणून जबडा रुंद. कुणी सुंदर चित्र दाखवलं की म्हणतात, "मांस कोनी बी लावन. हाड कुठी हाये?"

मी पेंटर. बैलगाड्यांवर नावं लिहीत वर आलो. देवळाच्या नव्या सभामंडपात गरुड रंगवायचं काम तिघांना मागे सारून मिळवलं. गरुड असा उतरला की समितीचे अध्यक्ष चपला काढून उभे राहिले. तेवढ्यात भाऊ आले.

"मारोती, हा उडन कसा? हात बी खांद्याले, पंख बी खांद्याले. एका खुंट्याले दोन बैल बांधून राह्यला तू."

अख्खी समिती हसली. भाऊंनी घरून वही आणली. त्यांच्या गरुडाला पंखांसाठी पाठीवर खांद्याची वेगळी जोडी होती आणि छातीचं हाड नांगराच्या फाळासारखं पुढे आलेलं. अध्यक्ष म्हणाले, "पेंटर, असाच काढा."

मी काढला, पंख आणि छाती तेवढी वहीतून पाहून. रंग माझा, हात माझा, आणि गाव म्हणतं 'डोमाजीभाऊंचा गरुड'.

शेवटी भांडायला गेलो. भाऊ ओसरीवर शरभ काढत होते. मी वही ओढली, पानं उलटली. आणि चूक सापडली. ऐरावत, शरभ, गरुड, प्रत्येकाचा एक डावा पाय गुडघ्याखाली वाकडा, हाडावर गाठ.

"मोठे हाडवाले," मी म्हणालो. "हा पाय कोन्या जनावराचा?"

"तुया."

तरुणपणी बोर्ड रंगवताना मी शिडीवरून पडलो होतो. नाल्याला पूर, गडचिरोलीचा रस्ता बंद. भाऊंनी बैलाला बांधतात तशा बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. तो वाकडा जुळला. तेव्हापासून मी लंगडतो आणि पाय कुणी बिघडवला म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांचं नाव सांगतो.

"माही सारी उमर दवाखान्यात गेली," भाऊ पेन्सिलीला टोक करत म्हणाले. "पाय मोडलेलं जनावर लोकं इकून टाकत. मी बांधलेलं परत कधी दिसलं नाई. तू तेवढा रोज समोरून चालत जातं."

मी वही बंद करणार होतो. पण गाठ त्यांनी जरा वर काढली होती, आणि चुकीचा माल मी कुणाचाच खपवून घेत नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि पाय त्यांच्यासमोर ठेवला.

"पाहून काढा."

त्यांनी चष्मा पुसला. गाठीवर अंगठा ठेवला, गुरांना लावत तसा, हलकेच.

"दुखते का अजून?"

या प्रश्नाचं उत्तर मी शिव्यांसकट कितीतरी वर्षं तयार ठेवलं होतं.

"नाई, भाऊ."