राजाच्या मोटारखान्याचा दरवाजा

एका जंगलात, मुलांनो, चालणं सोडून दिलेला एक सिंह राज्य करीत होता. त्याने मोटार घेतली होती. मोटारीसाठी एक गुहा होती आणि गुहेच्या तोंडाशी लाकडी फाटक होतं. धोंडबा साळिंदर ते सकाळी ढकलून उघडायचा, संध्याकाळी ओढून लावायचा. शेजारच्या खोपटात तो आणि त्याची बायको सगुणा राहत. बारा वर्षांत फाटक एकदाही बिघडलं नाही. म्हणजे ते बदलायलाच हवं होतं.

नवा दरवाजा आला. एक बटण राजाच्या मोटारीत, एक भिंतीवर. दाबलं की वर, पुन्हा दाबलं की खाली. दरवाज्याच्या पायाशी दोन्ही अंगांना काचेचा एकेक डोळा होता. हे डोळे दिवसभर एकमेकांकडे बघत असत. मध्ये कुणाची शेपटी आली आणि ही नजर तुटली, की खाली येणारा दरवाजा घाईघाईने परत वर जायचा. शेपट्यांच्या राज्यात अशी सोय हवीच.

"नवीन आहे, लक्ष असू दे," एवढं सांगून धोंडबाला कामावर राहू दिलं.

दरवाज्याबरोबर एक पुस्तिका आली होती. 'दरवाजा न मिटल्यास काय करावे' हे तिच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. ती मळू नये म्हणून चिटणीस कोल्ह्याने कपाटात घालून कुलूप लावलं.

दसरा आला. दसऱ्याला त्या जंगलात यंत्रांची पूजा होत असे. राणीसाहेबांनी मोटारीला हार घातला आणि त्या दरवाज्यापाशी वाकल्या. डोळे दिसल्यावर त्यांची भक्ती आणखी वाढली. हळदकुंकवाची बोटं त्यांनी थेट दोन्ही डोळ्यांवर उमटवली. सगळ्यांनी हात जोडले.

संध्याकाळी दरवाजा अर्ध्यावर आला आणि परत वर गेला. नऊ वेळा दाबलं, नऊ वेळा तसंच.

समिती बसली. बगळ्याने एका पायावर उभं राहून यंत्र अशक्त असल्याचं सांगितलं. माकडाने बटणाचा सेल काढून उलटा घातला, सुलटा घातला, मग जिभेवर ठेवून पाहिला. हत्तीच्या मते मुळात गुहाच लहान होती. कोल्ह्याने सगळं ऐकून ठराव लिहिला: शुक्रवारपर्यंत दरवाजा न मिटल्यास चौकीदारास काढून टाकावे व खोपट रिकामे करून घ्यावे.

धोंडबाच्या पाठीवरचे काटे उभे राहिले.

"साहेब, ती पुस्तिका एकदा बघायला मिळेल का?"

"तुझे काटे लागून फाटेल. आणि तुला काय कळणार त्यातलं? आम्हालाच कळत नाही."

"आपण वाचली?"

"न वाचताच कळत नाही, तर वाचून काय होणार?" कोल्हा म्हणाला.

गुरुवारी दुपारी सगुणा भाकरी घेऊन आली. धोंडबा उघड्या दरवाज्यात मान खाली घालून बसला होता. तिने भाकरी ठेवली, वाकून पाहिलं.

"अहो, ह्याच्या डोळ्यांत कुंकू गेलंय."

"राणीसाहेबांनी लावलंय ते."

"कुणी का लावेना. तुमच्या डोळ्यांत मी बोट घातलं तर दिसेल का तुम्हाला?"

"रोज घालतेसच की."

"मग तुम्हाला माहीत आहे. पुसा ते."

पूजेचं कुंकू पुसायचं, तेही राणीच्या हातचं. पण त्याने खोपटाकडे पाहिलं आणि उपरण्याचं टोक भिजवलं. आधी नमस्कार केला, मग दोन्ही डोळे पुसले. पूजेच्या गर्दीत एक डोळा धक्का लागून तिरका झाला होता, तोही सरळ केला. बटण दाबलं. दरवाजा खाली आला, जमिनीला टेकला आणि टेकूनच राहिला.

"एवढंच होतं?" सगुणा म्हणाली.

"एवढंच. पण कुठे बोलू नकोस. समितीला वाईट वाटेल."

शुक्रवारी राजा आला. दरवाजा उघडला, मिटला. राजा प्रसन्न झाला. समितीला शाल आणि नारळ मिळाले. एका पायावर उभं राहिल्याचं सार्थक झालं, असं बगळा भाषणात म्हणाला. मागच्या रांगेत सगळ्यांत जास्त टाळ्या धोंडबाने वाजवल्या. त्याचं खोपट वाचलं होतं.

समारंभ संपल्यावर कोल्ह्याने त्याला बोलावलं.

"धोंडबा, दरवाजा उघडतो?"

"उघडतो साहेब."

"मिटतो?"

"मिटतो."

"कुणी हात न लावता?"

"कुणी हात न लावता," धोंडबा छाती काढून म्हणाला.

"मग तुझं इथे काय काम?"

धोंडबाने तोंड उघडलं. दरवाजा कुणी नीट केला ते सांगावं, तर कुंकू कुणी पुसलं तेही सांगावं लागणार होतं. त्याने तोंड मिटलं.

संध्याकाळी सगुणाने डोक्यावर बोचकं घेतलं. दोघं निघाली. मागे राजाची मोटार आत गेली आणि दरवाजा खाली येऊ लागला. बारा वर्षांची सवय, धोंडबा थांबला आणि नीट लागला का ते मागे जाऊन पाहून आला.

नीट लागला होता.

तात्पर्य: मुलांनो, बिघाड सापडला तरी तो दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. मोठेपणी समितीवर जावे.