नगपास अण्णा

आइस्क्रीम भिंगातून बघून खाणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच होता, आणि ते भिंग माझं होतं.

मी घड्याळं दुरुस्त करतो. सात रस्त्याजवळ तेव्हा माझं एवढंसं दुकान होतं. भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून मी एखादी केसाएवढी कमान बसवत असायचो आणि नेमका तेव्हाच मागून एक हात यायचा. "द्या की जरा, घड्याळवाले. माल आलाय." भिंग डोळ्यावरून सरळ उचललं जायचं. उडालेली कमान शोधत मी टेबलाखाली रांगायचो आणि अण्णा शेजारच्या दुकानात वाटीवर वाकलेले असायचे. भिंग परत यायचं ते चिकट होऊन. एकदा एका वकिलांनी मला विचारलं, की माझ्या घड्याळाला गुलाबाचा वास कसा काय येतोय. मी म्हटलं, नवीन तेल आहे, विलायती. दुसरं काय सांगणार, कप्पाळ?

गणपतअण्णा मूळचे टेंभुर्णीकडचे, शेतकऱ्याघरचे. कोवळ्या वयात सोलापूरला येऊन गिरणीत लागले आणि चढत चढत कापड तपासायच्या खात्यात गेले. जन्मभर एकच काम. टेबलावर कापड अंथरायचं, भिंगानं धागा न् धागा बघायचा आणि मग एक तर "नग पास" म्हणायचं, नाहीतर "सेकंड". वय झालं म्हणून गिरणीनं त्यांना घरी बसवलं, पण सवय काही घरी बसायला तयार नव्हती. मग त्यांना सिद्रामप्पाचं दुकान सापडलं.

सिद्रामप्पा दुधनीचा. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि चिडला की दोन्ही एकदम. त्याचं दुकान सरबतांचं, लस्सीचं आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमचं. आइस्क्रीम म्हणजे आतासारखं नव्हे. लाकडाची बादली, तिच्यात उभा डबा, डब्यात आटवलेलं दूध, आणि डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ. वरचा दांडा फिरवत बसायचं, खांदा निखळेपर्यंत. मिठानं बर्फाला जोर चढतो, पण त्या खारट पाण्याचा थेंब डब्यात जाता कामा नये. म्हणून बादलीला अंगालाच एक भोक असतं, त्यातून ते पाणी वाहून जातं. बर्फ यायचा गोणपाटात, भुशात गुंडाळून. म्हातारी माणसं म्हणायची, हे खाल्लं की दात पडतात. पण आमच्याकडचा वैशाख असा असतो, की दात राहिले काय नि पडले काय, माणूस म्हणतो आधी गार काहीतरी द्या.

डबा उघडला की पहिली वाटी अण्णांची आणि दारातली खुर्चीही त्यांचीच. स्वच्छ धोतर, काळी टोपी. आधी भिंग. मग आइस्क्रीम चिमटीत धरून कापडासारखं चोळून बघायचं. बघणाऱ्याला किळस येवो नाहीतर हसू. मग चमचा आणि मग निकाल. आंब्याला म्हणायचे, "पोत रेशमी हाय. काठ सुटाय लागलाय, लौकर खपवा." अंजिराला म्हणाले, "ह्यात गाठी हायत." मी म्हटलं, अण्णा, त्या बिया आहेत. म्हणाले, "गाठ ती गाठच." एकदा सिद्रामप्पानं दूध वाचवायला आरारूट घातलं. अण्णांनी नुसतं चोळलं आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "सिद्राम, खळ घातलीस." सिद्रामप्पा सिद्धेश्वराची आण घ्यायला निघाला होता, तो अर्ध्यातच थांबला. त्यानंतर त्या दुकानात आरारूट कधी आलं नाही.

सिद्रामप्पाला नवं काही करून बघायचा भारी सोस. एकदा त्यानं शेंगदाण्याचं आइस्क्रीम केलं. सोलापूरचा माणूस, शेंगदाण्याला नाही कसं म्हणणार? अण्णांनी चमचाभर घेतलं, बराच वेळ चावलं आणि म्हणाले, "ही वाकळ हाय रे. कुणाला तरी पांघराया दे." मग त्यानं केळी दुधात घोटून, वर बर्फाचा चुरा घालून पेल्यातून प्यायची शिकरण काढली. अण्णा म्हणाले, "ताणा हाय, बाणा कुटं हाय?" बाणा म्हणजे कापडातला आडवा धागा. बिचारा आठवडाभर तो शोधत होता. वेलदोडा घालून झाला, खसखस घालून झाली. शेवटी साय घातली तेव्हा कुठं नग पास झाला. ती शिकरण पुढं इतकी चालली, की गिरणी सुटली की माझ्या दुकानाच्या पायरीवरसुद्धा पेले घेऊन माणसं उभी. घड्याळ घेऊन आलेल्या माणसाला आत यायला जागा नाही.

पण एक होतं. पहिली वाटी अण्णांची असली तरी तिच्यातला पहिला चमचा माझा. मला समोर बसवायचे, "तुमी घ्या आदी" म्हणायचे आणि माझ्याकडं टक लावून बघत राहायचे. मग स्वतः एक चमचा घेऊन म्हणायचे, "साखर जरा चढलीय." आणि खरंच चढलेली असायची. मी मनात म्हणायचो, काय जीभ आहे या माणसाची.

बघता बघता लोक विचारायला लागले, "अण्णांनी पास केलं का?" पास असेल तरच वाटी मागवायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, अण्णा, कशाला या उन्हात रोज पाय भाजत येता? माझ्या भिंगासाठी?

ते हसले. म्हणाले, "माणसाला रोज कुणीतरी कायतरी इचारलं पायजे, घड्याळवाले. गिरणीत इचारायचे. आता हितं इचारत्यात. खोलीवर कोण इचारणार? खानावळवाला इचारतो, भाकरी वाढू का. पण ते तो समद्यांनाच इचारतो."

तर अशा माणसाची खुर्ची गेली कशी, ते ऐका.

चाटी गल्लीतल्या एका कापडाच्या शेठजींच्या मुलीचं लग्न ठरलं. पंगतीला आइस्क्रीम ठेवावं असं त्यांच्या मनात आलं आणि ते घरची मंडळी घेऊन चव बघायला आले. सिद्रामप्पाचे पाय जमिनीवर ठरेनात. एवढ्या मोठ्या घरी त्याचा माल गेला, की सगळ्या पेठेत नाव होणार होतं. केशर घातलं होतं, वेलची घातली होती, स्वतः दांडा फिरवला होता. शेठजींना म्हणाला, आमच्या अण्णांनी पास केल्याशिवाय तुम्हाला वाढणार नाही.

मी त्या वेळी एका घड्याळाच्या पोटात हात घालून बसलो होतो आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. अण्णांनी भिंग नेलं, मग दोनदा हाक मारली. मी म्हटलं, तुम्ही करा सुरू, आलोच.

मी दारात पोचलो तेव्हा अण्णांनी भिंग लावून, चोळून, तीन-चार चमचे पोटात घातलेले होते. चेहरा उजळलेला. "नग पास," ते म्हणाले. "असला मऊ पोत मी आजवर बगितला न्हाय." सिद्रामप्पानं वाट्या पुढं केल्या. शेठजींनी मोठा चमचा तोंडात घातला. आधी त्यांचे डोळे मोठे झाले, मग गाल फुगले आणि मग ते जोडे न घालताच रस्त्याकडं पळाले. बाकीची मंडळी त्यांच्या मागं.

सिद्रामप्पानं बोट बुडवून चाखलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "उप्पु, उप्पु," म्हणत डोकं धरून बसला. उप्पु म्हणजे मीठ. बर्फाबरोबर आलेला भुसा बादलीच्या भोकात अडकला होता, खारट पाणी साचून साचून वर चढलं होतं आणि झाकणाखालून डब्यात उतरलं होतं. आइस्क्रीम कसलं, लोणचंच झालं होतं.

मग सगळ्यांच्या माना अण्णांकडं वळल्या. त्यांच्या हातात भरलेला चमचा होता आणि ते एकेकाच्या तोंडाकडं बघत होते, काय झालंय ते शोधल्यासारखं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "फुकटची वाटी खाणारा पासच म्हणणार की." सिद्रामप्पा रडकुंडीला आला होता. तो म्हणाला, "अण्णा, तुमी एक शब्द बोलला असता तर मी शेठजींना दिलं नसतं की."

अण्णांनी वाटी खाली ठेवली. माझं भिंग धोतराच्या सोग्यानं पुसलं, माझ्या हातात दिलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. शेठजींनी लग्नात सरबत ठेवलं, तेही दुसऱ्याकडचं. सिद्रामप्पा अण्णांचं नाव काढलं की दांडा जोरजोरात फिरवायचा. माझं भिंग कोणी उचलत नव्हतं, काम झकास होत होतं, आणि मला करमत म्हणून नव्हतं. एका दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि अण्णांच्या खोलीवर गेलो.

गिरणीच्या मागं एक खोली. एक खाट, एक घागर, एक दोरी, दोरीवर धोतर. मला बघून ते उठले, पाणी दिलं. मी म्हटलं, अण्णा, झालं ते झालं, पण एवढं खारट तुम्हाला कळलं कसं नाही?

"जीभ मेलीय माझी," ते म्हणाले. अगदी सहज, धागा तुटलाय म्हणून सांगावं तसं. "ती तापाची मोठी साथ आली हुती न्हवं, त्यात मी उठलो, आमची कारभारीन उठली न्हाय. उठल्यावर शेजारणीनं पेज दिली. म्हटलं, मीठ घालाया इसरली वाटतं. मग कळलं, मीठ हाय, जीभच न्हाय. तवापासनं गोड न्हाय, खारट न्हाय, कायबी न्हाय. गार लागतं, ऊन लागतं आन् पोत कळतो. बस."

मी म्हटलं, अहो, पण साखर जास्त झाली ते तुम्ही बरोबर सांगायचात.

"तुमच्या तोंडावरनं. साखर जास्त झाली की तुमची उजवी भुवई वर जाती. कमी झाली की चमचा चाटत बसता. तुमचं तोंड लई सोपं हाय, घड्याळवाले." इतकी वर्षं बायकोपुढं माझं एकही खोटं का टिकलं नाही, त्याचा मला तिथं उलगडा झाला. मला हसू आलं, तेही हसले, आणि मग मला फार वाईट वाटलं.

मी विचारलं, चवच नाही तर आइस्क्रीमच कशाला, अण्णा? गिरणीच्या दारात बसला असता, जुनी माणसं भेटली असती.

ते दोरीवरचं धोतर उगाच सारखं करत राहिले. म्हणाले, "आमची कारभारीन कैरी खायची. फोड दाताखाली आली की डोळं गच्च मिटायची, खांदं कानाला लावायची. आन् लगीच दुसरी फोड उचलायची. आइस्क्रीमचा पयला घास घेताना माणसं अगदी तसंच करत्यात. बायाबापड्या, म्हातारीकोतारी, समदी. ते बघाया येत हुतो." मग म्हणाले, "सिद्रामाला सांगा, माझं चुकलं. आंधळ्यानं कापड तपासू न्हाय."

मी सिद्रामप्पाला सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत रिकाम्या डब्याचा दांडा फिरवत होता. फिरवायचा थांबला, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि गल्ला तसाच सोडून चालायला लागला. मी मागं. खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "बर्री, या अण्णा, चला. गोडी घड्याळवाले बघतील, मीठ मी बघतो. पोत कळणारा दुसरा माणूस मी कुठनं आणू?"

अण्णा यायला तयार होईनात. लोक हसतील म्हणाले. सिद्रामप्पा म्हणाला, हसू देत, हसत हसत खातात ते जास्त खातात. शेवटी आले, पण एका अटीवर. दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी स्वतःच सांगितलं, "मला चव न्हाय बरं का. गोडीचं ह्यांना इचारा, पोताचं मला." लोक हसले, नाही असं नाही. आणि मग विचारायला लागले. फुकटची वाटी म्हणणारा तर सगळ्यात आधी विचारायला आला, आणि अण्णांनी त्याला गुलाबाचा पोत इतका खुलवून सांगितला, की त्यानं दोन वाट्या खाल्ल्या.

त्याच उन्हाळ्यात सिद्रामप्पाची आई दुधनीहून आली. गौरव्वा. सगळे तिला अव्वाच म्हणायचे. मराठीचा गंध नाही, आणि दगड झालेलं पाणी मी तोंडात घालणार नाही म्हणून हटून बसलेली. सिद्रामप्पानं हात जोडले, सुनेनं पदर पसरला. अखेर लेकाची समजूत काढायची म्हणून तिनं चमच्याच्या टोकावर इवलंसं आइस्क्रीम घेतलं आणि शिव शिव म्हणत जिभेवर टेकवलं.

तिचे डोळे गच्च मिटले. खांदे कानापर्यंत वर गेले.

अण्णा खुर्चीतून पुढं सरकले होते. दुकानात गिऱ्हाइकं होती, कोणीतरी त्यांना चिकूचा पोत विचारत होतं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही. हात जोडून ते तिला म्हणाले, "अव्वा, आनिक एक घास घ्या. माझ्यासाठी."

तिला शब्द कळला नाही. समोर हात जोडून बसलेल्या, डोळे भरून आलेल्या म्हाताऱ्याकडं तिनं नीट बघितलं. "हुच्च," ती म्हणाली. हुच्च म्हणजे वेडा. आणि दुसरा चमचा भरून तोंडात घातला.