टेकापोकडे पाठ

किवींच्या देशातल्या आमच्या हॉर्नबी उपनगरातल्या निम्म्या मराठी मंडळींना टेकापोचं तळं दाखवलं ते प्रदीप मोहितेनं. आणि ते तळं अजून न पाहिलेला एकमेव माणूसही तोच.

म्हणजे जात नाही असं नाही. कुणाचे आईवडील पुण्याहून येऊन थडकले की लगेच याला फोन. एरवी हा गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, सुट्टीच्या दिवशी आपली जुनाट व्हॅन. रस्त्यात कुठला चहा बरा, कुठलं टॉयलेट स्वच्छ, कुठे आजोबांना फार न चालता मेंढ्यांबरोबर फोटो काढता येतो, सगळं तोंडपाठ. काहीही सांगा, इथल्या लोकांसारखा लगेच होकार, "स्वीट ॲज, वहिनी!" कराडकडच्या हेलात हे ऐकायला मोठी मजा येते. पण तळ्यापाशी पोचलो की हा व्हॅन उलटी लावणार, तोंड टेकडीकडे, आणि म्हणणार, "या बघून. मी हाय हितंच." मग आमची जॅकेटं, जँडल्स म्हणजे आपल्या रबरी सपाता आणि धपाट्यांचे डबे राखत बसतो.

"अरे, गावात शिरताना दिसतंच की ते!" मी एकदा म्हटलं.

"गाडी चालवताना दिसतं त्याला बघनं म्हनत न्हाईत, वहिनी."

कुणी म्हणे त्याला पाण्याची भीती आहे, कुणी म्हणे ज्योतिषानं सांगितलंय. माझी लेक म्हणते, "मोहितेकाका इज हीप्स वीअर्ड."

शेवटी मीच खनपटीला बसले तेव्हा कळलं. शिकायला आला त्या वर्षी त्यानं आईला इथलं कॅलेंडर पाठवलं होतं. टेकापोचं पान आलं आणि आईनं पुढचं पान काही उलटलंच नाही. वर्ष संपलं तरी भिंतीवर तेच. फोनवर विचारायची, "खरंच एवढं निळं असतंय व्हय रं पानी?" हा म्हणाला, "मीबी न्हाई बघितलं. तू ये, दोघं मिळून बघू." त्यांच्या घरात झाडाचा पहिला आंबासुद्धा आईच्या हातात दिल्याशिवाय कुणी चाखत नाही. तळ्यालाही त्यानं तोच नियम लावला.

आणि बसला थांबून. आधी नोकरी लागू दे, मग इथे कायम राहायचा पीआर मिळू दे, मग घर होऊ दे. सगळं झालं तोवर आईच्या छातीनं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, विमान विसरा. मला भयंकर राग येतो, कुणाचा ते धड सांगता येत नाही. इथे येणाऱ्या आमच्या एकेक म्हाताऱ्या "आमचं पानशेत काय वाईट आहे!" म्हणून नाकं मुरडतात, आणि हा त्यांना हाताला धरून व्हॅनमधून उतरवतो.

मग एका नोव्हेंबरात माझ्या सासूबाईंना घेऊन गेलो होतो. ऊन लख्ख, काठावर ल्युपिनची जांभळी फुलं. सासूबाई म्हणाल्या, "अहो मोहिते, देवळाच्या दारातून परत फिरताय की काय?"

आणि काय सांगू, हा उतरला! पण कसा? तळ्याकडे पाठ करून, गोट्यांवरून उलटा चालत, हातात आईला व्हिडिओ कॉल लावलेला फोन. गावी नुकतंच फोर-जी पोचलं होतं. आमच्याकडे दुपार, तिकडे पहाट. त्याच्या बहिणीनं आईला उठवून बसवलं होतं. सासूबाई "पडाल हो!" करत मागे, फोटो काढणारे लोक याच्याकडेच बघतायत, आणि मला हसू आवरेना. पाण्याशी येऊन थांबला. आपल्यामागे अख्खं तळं दिसेल असा फोन उंच धरला.

"आई, दिसलं का?"

"खाली घे की जरा. निम्मंच तोंड दिसतंय तुझं."

"माझं ऱ्हाऊ दे. मागं बघ, मागं! पानी बघ!" त्यानं कॅमेरा फिरवला, फोन खांद्यावरून मागे धरला, पण मान वळवली नाही.

"अगं बया! कुठं गेलास? दिसंना झालास की." मग खोकला, बराच वेळ. "प्रदीप, तोंड दाव रं."

"आई, तळं बघ ना गं!"

"त्ये जाऊ दे मरू दे. तुझं तोंड दाव."

त्यानं फोन पुन्हा समोर धरला. "किती वाळलास रं," ती म्हणाली. "जेवलास का?" परत खोकल्याची उबळ आली आणि बहिणीनं फोन ठेवला.

मी तळ्याकडे पाहिलं. कॅलेंडरमध्ये असतं तसंच होतं मेलं, निळंशार. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मोहिते तसाच उभा, बुटांच्या टाचा पाण्यात.

"आता तरी वळ रे," मी म्हटलं. "दाखवलंस ना त्यांना."

"न्हाई, वहिनी. ती मलाच बघत हुती," तो म्हणाला, आणि सासूबाईंचा हात धरून व्हॅनकडे निघाला.