वाटी-चमच्याची चकली

यंदा नवरात्र संपलं आणि आमच्या आष्ट्याच्या गल्लीत सुभेदारकाका माडीवरून खोकी फेकायला लागले. खाली कुणी येत-जात नाही ना, हे बघायला अंगणात मी. "जवान तय्यार?" ते वरून विचारायचे. खोकं काय बोलणार? "हां जी" मलाच म्हणावं लागायचं. "कूद!" की खोकं धप्पकन फरशीवर. मग काका जिना उतरून यायचे, खोकं कानाशी धरून हलवायचे, आणि आत खुळखुळलं तर "मेडिकल अनफिट" म्हणून बाजूला ठेवायचे.

खोक्यात चकल्या असत. काकांच्या बायकोच्या, शांताकाकींच्या हातच्या. मी त्यांची शेजारीण. या चकल्या ऑनलाइन विकायचं खूळ माझंच. फोटो मी काढते, ऑर्डरी मी बघते, काकी तळतात. पॅकिंग खातं मात्र सुभेदारांनी न विचारता ताब्यात घेतलं. फौज सुटून जमाना झाला, ताबा घ्यायची खोड काही सुटली नाही.

चकल्यांभोवती भरायला गेल्या वर्षी मी फुग्यांचं प्लास्टिक आणलं होतं. काका म्हणाले, "ह्ये लोक फोडतच बसत्यात. लाह्या भर." भरल्या ज्वारीच्या लाह्या. पुण्याच्या एका बाईंचा निरोप आला, लाह्या फारच छान होत्या, त्या वेगळ्या मिळतील का?

काकांची आणखी एक तऱ्हा आहे. स्वतः ते चकली कधी अख्खी खात नाहीत. कढईतून नुकती निघालेली, काटेरी, देखणी चकली वाटीत घ्यायची, मुठीनं चुरायची आणि चमच्यानं खायची. बघवत नाही हो! काकी म्हणतात, "मिल्ट्रीत काय काय शिकवत्यात, कुणाला ठावं."

गेल्या दिवाळीत एका गिऱ्हाइकानं फोटो पाठवला. डब्यात नुसता चुरा. मी फोटो उघडला तेव्हा काकी शेजारीच होत्या. त्यांनी फोन हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. "हात गेला माजा," म्हणाल्या. "ह्यांना बॉर्डरवर धाडत हुते तवा रेल्वेनं, ट्रकनं, म्होरं खेचरावरनं जायची चकली. कवा एक मोडली न्हाई. आता पुण्यापत्तूर टिकंना."

खुसखुशीत चकली मोडायचीच, अशी मी पुष्कळ समजूत घातली. पण काकींपाशी सुभेदारांचा इतक्या वर्षांचा दाखला होता, त्यापुढं माझं काय चालणार? यंदा मोडली तर सोऱ्या माळ्यावर टाकायचा आणि दुकान बंद, असं त्यांनी ठरवून टाकलं. काकांची माडीवरची कवायत त्यातूनच सुरू झाली.

वसुबारसेच्या आधी सगळीकडे पोचायला हवं, म्हणून कुरियरवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. आदल्या संध्याकाळी खोकी ओट्यावर रचून झाली. तेवढ्यात काकी बाहेर आल्या. "ह्यातलं एक माज्याम्होरं टाका."

"कशाला उगं? टेस्ट झालीया," काका म्हणाले.

"टाका म्हणते न्हवं."

काका सावकाश जिना चढले. या वेळी जवानाला काही विचारलं नाही. खोकं पडलं. काकींनीच उघडलं. लाह्यांच्या आत सगळा चुरा.

काकींनी पदराला हात पुसले आणि घराकडे वळल्या. "पोरी, लोकांस्नी कळव, दुकान बंद झालं."

काका खाली आले. आत गेले, वाटी-चमचा घेऊन बाहेर आले, अंगणातच बसकण मारली. खोक्यातला चुरा वाटीत ओतला आणि खायला लागले.

"अशीच यायची," ते म्हणाले.

"काय?" काकी उंबऱ्यात थांबल्या.

"तुजी चकली. डबा उघडला की अशीच. एक सुदिक धड नसायची. चमच्यानं खायाचो."

"आन् रजेवर आलं की अख्खी पोचली म्हणून सांगत हुतासा!"

"मोडली म्हणलं असतं, तर तू धाडायचीच बंद केली असतीस." काकांनी चमचा वाटीत ठेवला. "थितं दुसरं काय हुतं गं घरचं?"

हा माणूस घरी ताजी चकली का चुरत होता, ते मला तेव्हा कळलं. त्याला ती चव फक्त तशीच ओळखीची होती.

काकी त्यांच्याजवळ येऊन बसल्या. वाटीतला चिमूटभर चुरा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"खुसखुशीत हाय की वो."

"मग? म्हणं हात गेला." काका माझ्याकडे वळले. "पोरी, गिऱ्हाइकांस्नी आदीच कळव. वाटी-चमचा घिऊन बसा म्हणावं."

काकींनी कढई पुन्हा गॅसवर चढवली. पहिल्या घाण्यातली एक चकली ताटलीत घेऊन बाहेर आल्या. "आता तरी अख्खी खाऊन बघा."

काकांनी ती उलटसुलट करून बघितली. ओठांपर्यंत नेली. मग हळूच वाटीत ठेवली आणि चुरली.

काकी आत जाऊन स्वतःसाठी एक चमचा घेऊन आल्या.