खोकून दाखव!

आमचे शेजारी डॉक्टर गुलाबराव माणसाला चेहऱ्यानं नाही, खोकल्यानं ओळखत. रस्त्यात पोर दिसलं की पहिलं वाक्य, "खोकून दाखव बे!" महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. चिखलीहून मेहकरला जाताना त्यांनी भर रस्त्यात एसटी थांबवली. मागच्या बाकावर एक लेकरू खोकलं होतं. "हा डांग्या खोकला आहे!" म्हणत माय-लेकरासकट खाली उतरले आणि तसेच पायी दवाखान्याकडे परत निघाले. कंडक्टरनं कपाळाला हात लावला.

मी शाळामास्तर. त्यांच्या-आमच्या घरांत एकच भिंत. माझ्या लहानग्या सुमीला एकदा ढास लागली, तर भिंतीवर थापा पडल्या. "मास्तर, काऊन बसून राह्यले? पोरगी निळी पडली असन!" न पाहता, बरं का! धावत आले, सुमीला पुढं वाकवून धरलं, आणि तिची ढास थांबेपर्यंत स्वतःचा श्वासही रोखून बसले. पोरगी वाचली. तेव्हापासून मी त्या माणसापुढं मनोमन हात जोडतो.

मग त्यांना डांग्याच्या लशीचं वेड लागलं. लस थंड राहावी म्हणून थर्मासात बर्फ भरायचा आणि सायकलवर गावोगाव फिरायचं. जानेफळच्या पोरांना बर्फ दिसला अन् वाटलं, कुल्फी आली! रांगच लागली. डॉक्टरांनी एकेकाचा दंड धरला आणि सुई टोचली. गावभर बोंबाबोंब! पुढच्या बाजारी खरा कुल्फीवाला रहीमचाचा आला, तर त्यालाही पाहून पोरं पसार. "डाक्टरसाब, तुमच्यापायी माही कुल्फी वितळून राह्यली ना!"

डांग्या त्या गावात पुन्हा फिरकला नाही. पण गावोगावच्या आया, आमच्या गल्लीतल्याही, लेकरांना दटावू लागल्या, "झोप, नाहीतर थर्मासवाला येईन!" डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं. खिशात कायम गुळाची चिक्की असे, पण घ्यायला कोणी जवळ येईना.

एका संध्याकाळी त्यांनी अंगणातल्या सुमीपुढं चिक्की धरली. "ये माय, आज सुई नाही."

सुमी किंचाळली आणि पटांगण ओलांडून पार मारुतीच्या देवळापर्यंत सुसाट पळाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सुमे, परत फिर!" मी ओरडलो.

डॉक्टरांनी माझा हात धरला. "पळू द्या, मास्तर. आयका ना! एवढी धावली, पण ढास लागली काय तिले?"

मान कलती करून ते ऐकत राहिले. डोळे भरून आले होते, आणि चिक्की तशीच हातात होती.