अंड्यांचं अंदाजपत्रक

आमच्या कॉलेजच्या अध्यक्षांनी आपल्या खोलीत एसी बसवला त्या दिवशी मी सहज विचारलं, "काय हो गजभिये, केवढ्याला पडला असेल?" गजभियेंनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि सांगितलं, "पंधरा हजार अंडी, सर."

मला वाटलं, ऊन लागलं असेल. तर ते पुढे म्हणाले, "बारा पोरी, रोजची दोन-दोन अंडी. म्हणजे संघाची पावणेदोन वर्षं. बाप्पा! पावणेदोन वर्षं खिडकीत बसून गार हवा सोडते जी."

गजभिये म्हणजे आमच्या जिमखान्याचे कारकून. मूळचे भंडारा जिल्ह्यातले. पुण्यात येऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण बोलण्यातला 'जी' सुटला नाही आणि दुपारी झोपायची सवय लागली नाही. एवढ्या दोन गोष्टींवरून माणूस बाहेरचा आहे हे आम्ही पुणेकर लगेच ओळखतो. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. त्या वर्षी जिमखान्याचा खजिनदार झालो, कारण स्टाफ मीटिंगला पाच मिनिटं उशिरा पोचलो. जो हजर नाही त्याच्या गळ्यात जिमखाना घालायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत.

गजभियेंच्या लेखी रुपया हे चलनच नव्हतं. प्राचार्यांची नवी खुर्ची दोन हजार अंडी. स्नेहसंमेलनाचा मांडव नऊ हजार. मी एकदा म्हटलं, "अहो, अंड्याचा भावसुद्धा वर-खाली होतोच की!" ते म्हणाले, "भाव होतो जी. अंडं होत नाही. कालही पोरीचं एका अंड्यानं जेवढं भागलं, तेवढंच आजही भागते." मी एम.ए.ला पैसा या विषयावर तीन जाड पुस्तकं वाचली होती. त्यांतलं मला एकही वाक्य आज आठवत नाही, हे आठवतं.

आता, संघात चार मुली शाकाहारी, म्हणजे त्यांची अंडी फक्त हिशेबातली. त्यांच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू. मार्केट यार्डातून पोत्याने दाणे आणून गजभिये स्वतः वळायचे. मी उत्साहाने म्हणालो, एका अंड्याला दोन लाडू असा दर ठरवून टाकू. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी सात मुली शाकाहारी झाल्या! एकीने तर श्रावण पाळायला सुरुवात केली, तीही फेब्रुवारीत. गजभियेंनी फळ्यावरचा दर पुसून 'एकास एक' केला आणि लाडवातला गूळ थोडा कमी केला. शुक्रवारपर्यंत सातही जणी अंड्यावर परत आल्या. मी वर्गात चलनाचं अवमूल्यन शिकवत होतो हो! पण असं बिनबोभाट झालेलं कुठे पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या मुलींच्या कबड्डी संघाने विद्यापीठाचा ब गट जिंकला. म्हणजे पुढच्या वर्षी अ गट. ऐकायला फार छान. पण अ गटातले सामने मातीवर नाही, मॅटवर. मॅटवर बूट लागतात. बाहेरगावी जावं लागतं, राहावं लागतं. अध्यक्षांच्या सहीचं अंदाजपत्रक महिनाअखेर दिलं नाही, तर आमची जागा दुसऱ्या आलेल्या कॉलेजला जाणार होती.

संघाची कॅप्टन सुवर्णा. लोणी काळभोरहून पहाटेची बस पकडून यायची. एक दिवस ती जिमखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. "काका, खरं सांगा. जातोय न्हवं आपण वर? अ गटाचा कागद आसला तर पोलिसात खेळाडू म्हणून अर्ज करता येतो. माझं वय हाय अजून एकच वर्ष."

"जातो जी," गजभिये म्हणाले. ती गेल्यावर ते कितीतरी वेळ टेबलाच्या काचेवर बोट फिरवत बसले. मॅटची तीन कोटेशन्स समोर होती. सगळ्यांत स्वस्त मॅट पाऊण लाख अंड्यांची.

मी म्हणालो, "गजभिये, सोडा. अध्यक्षांना चौथी कम्प्युटर लॅब काढायची आहे. हिंजवडीच्या कंपन्यांपुढे तुमच्या कबड्डीला कोण विचारतो?"

ते उठले आणि मैदानावर जाऊन बसले. तीन दिवस संध्याकाळचा सराव नुसता बघत होते. चौथ्या दिवशी माझ्या वर्गाच्या दारात आले. मी मागणीचा नियम शिकवत होतो. "सर, अर्धीच लागते!"

"काय अर्धी?"

"मॅट जी! पोरगी चढाईला जाते तेव्हा सगळी झटापट पलीकडच्या अंगणात होते. अलीकडचं अंगण काय करते? नुसतं उभं राहते. उभं राहायला गादी काहून पाहिजे? सरावाला अर्धीच मॅट घ्या. निम्म्या पोरी तिच्यावर, निम्म्या मातीवर, अन् मग बदली!"

साठ मुलांसमोर माझं तोंड उघडंच राहिलं. मी लहानपणापासून कबड्डी बघतोय. खेळणारे, शिकवणारे, पंच, कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. या माणसाने एका वाक्यात निम्मा खर्च उडवला! मी वर्ग तिथेच सोडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या वर्ग सुटला म्हणून.

अध्यक्षांपुढे आम्ही दोघं गेलो. अध्यक्ष बांधकाम व्यावसायिक, त्यामुळे त्यांना पाया, मजले आणि चटईक्षेत्र सोडून बाकी सगळं फालतू वाटायचं. "कबड्डी खेळून हिंजवडीत नोकरी लागते का?" त्यांनी विचारलं.

"नाही जी," गजभिये म्हणाले. "पण चोर पळाला तर त्याच्या मागे कम्प्युटर पळत नाही."

अध्यक्ष चक्क हसले. मग अर्ध्या मॅटचं ऐकलं आणि चष्मा काढून गजभियेंकडे बघतच राहिले. "तुम्ही माझ्या साइटवर का नाही हो?" असंही म्हणाले. पण बिल्डर तो बिल्डर! सही करण्याआधी त्यांनी बाहेरगावच्या खर्चावर बोट ठेवलं. "सोळा माणसं? पंधरा करा. मग सही."

गजभियेंनी क्षणभरही विचार केला नाही. खिशातून पेन काढलं, यादीतली एक ओळ खोडली, कागद पुढे सरकवला. मी सहीकडे बघत होतो. कोणती ओळ खोडली, ते बघायचं मला सुचलं नाही.

नव्या हंगामातला पहिला सामना नगरला, रविवारी. सकाळी कॉलेजच्या दारात टेम्पो ट्रॅव्हलर उभा. बारा मुली, प्रशिक्षक, सोबतीला एक बाई प्राध्यापक आणि मी. गजभियेंनी पाण्याचे कॅन चढवले, बुटांच्या पिशव्या मोजल्या आणि खाली उतरून उभे राहिले.

"चला की हो!" मी म्हणालो.

"मी नाही जी. सोळावा मीच होतो."

"अहो, मग मला खोडायचं! मी तिकडे काय करणार आहे? मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही."

"आगाऊ रक्कम खजिनदाराच्याच सहीनं मिळते. कारकुनाची सही चालत नाही."

"मग मी माझ्या खिशातून देतो. बसा."

"नको सर." ते जवळ आले आणि हळू बोलले, "आज तुम्ही खिशातून द्याल, तर पुढच्या वर्षी अध्यक्ष तो खर्च तुमच्या खिशातच धरतील. मग पोरींच्या हक्काचं काही उरत नाही. वर चढणं सोपं असते जी. टिकणं महाग पडते."

गाडी हलली. मुली खिडकीतून "काका, काका" करून ओरडत होत्या. ते हात न हलवता सरळ उभे होते.

सामना आम्ही हरलो. दोन गुणांनी. समोर गेल्या वर्षीचा विजेता संघ होता आणि शेवटच्या चढाईपर्यंत त्यांच्या प्रशिक्षकाच्या कपाळावर घाम होता. सुवर्णाने एकटीने अकरा गुण घेतले. मॅट पूर्ण होती आणि पोरी दोन्ही अंगणांत सारख्याच जिवावर उदार होऊन खेळल्या. मला कबड्डी कळत नाही, पण माझा घसा बसला.

संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून मी जिमखान्यात फोन लावला. रविवार, कॉलेज बंद, म्हणून खरं तर कोणी उचलेल असं वाटलं नव्हतं. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"गजभिये, तुम्ही ऑफिसात? आज सुट्टी ना?"

"खोलीवर बसून काय करू सर? खोलीवर फोन नाही. सकाळपासून इथंच आहो."

"हरलो हो. दोन गुणांनी."

फार हळू आवाजात, "दोनच? बाप्पा! दोनच गुण?" असं ते स्वतःशीच दोनदा म्हणाले. "पोरी कुठं आहेत?"

"इथेच, बूथच्या बाहेर. उसाचा रस पिताहेत आणि कोणाची पकड सुटली यावरून भांडताहेत. बोलावू का कोणाला?"

"नको, नको. भांडू द्या." मला वाटलं, संपलं. मी ठेवायला लागलो, तेवढ्यात ते घाईने म्हणाले, "सर, फोन ठेवू नका. काही बोलूही नका. दार उघडून थोडा वेळ तसाच धरा. त्यांचा आवाज येऊन राहिला आहे."

मी बूथचं दार पायाने उघडलं आणि रिसीव्हर मुलींच्या दिशेने धरून उभा राहिलो.