शेवटचा डबा

सत्तरच्या आसपासच्या कलकत्त्यात भल्या पहाटे लाल झेंडा घेऊन रस्त्यावरून पळायचं, हे शहाण्या माणसाचं काम नव्हतं. शहरात रोज कुणाचा तरी मोर्चा निघायचा आणि लाल झेंडा दिसला की निम्मे लोक मुठी उंचावायचे, उरलेले दुकानाची फळी ओढून घ्यायचे. आमचे ढोबळे तो झेंडा कमरेला खोचून रोज पळायचे. शेजारी हिरवा झेंडा, गळ्यात शिट्टी आणि अंगात गुडघ्यापर्यंत लोंबणारी खाकी अर्धी चड्डी.

एकदा हवालदारानं आम्हाला अडवलंच. "कौन पार्टी?"

"पार्टी नहीं बाबूजी, गाडी है," ढोबळे जागच्या जागी पळत म्हणाले. "वो सामने इंजिन. बीच में डब्बे. मैं गार्ड."

हवालदारानं आमच्या पोटांवरून एकदा नजर फिरवली. "मालगाडी," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

इंजिन म्हणजे सुभेदार शिंदे. फोर्ट विल्यममध्ये नेमणूक, साताऱ्याकडचा गडी, पळताना घाम येत नसे. डबे म्हणजे मी आणि माझ्यासारखेच बदली होऊन आलेले दोन-तीन बँकवाले, विमावाले. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून आम्ही ढाकुरियाच्या तलावाभोवती पळायचो. ढोबळे आम्हा सगळ्यांपेक्षा चपळ होते, पण कधी पुढे आले नाहीत. "गार्डाची जागा शेवटच्या डब्यात जी," ते म्हणायचे. शेवटी पळायचे, शिट्टी मारायचे आणि प्रत्येक वळणावर ओरडायचे, "मागं कोणी राहिलं का?"

त्यांच्या मागं कुणी असणं शक्यच नव्हतं. तरी विचारायचे.

ढोबळे मूळचे नागपूरचे. अठरा वर्षं रेल्वेत गार्ड होते, मग कलकत्त्याच्या कचेरीत टेबलावर आले. लाइन का सोडली, असं विचारलं की दर वेळी नवं कारण. मला म्हणाले, रात्रपाळीनं पित्त होतं. सुभेदारांना सांगितलं, साहेबाशी वाजलं. माझ्या बायकोला सांगितलं, "वहिनी, डब्यातलं भजं खाऊन खाऊन कंटाळलो." एवढं मात्र खरं की टेबलावर त्यांचा जीव लागत नव्हता. "लाइनवरून काढलेला गार्ड म्हणजे नुसता कारकून. तुमची ही मालगाडी आहे म्हणून बरं, नाहीतर माझ्या हाती काय राहिलं असतं?" हे ते हसत सांगायचे. त्या झेंड्यांना मात्र कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

कलाकेंद्र आमच्या गळ्यात पडलं ते ढोबळ्यांमुळेच. तलावापासून थोडं दूर, ट्रामच्या रस्त्यालगत एका जुन्या मोटार गॅरेजमध्ये मायादी नावाच्या बाई मुलांना चित्रकला, नाच आणि नाटक शिकवत. एका रविवारी आम्ही समोरच्या टपरीवर मातीच्या भांड्यातून चहा पीत होतो. मायादी एकट्याच एक लांबलचक बाक दारातून आत ओढत होत्या आणि तो आडवा अडकून बसला होता. ढोबळ्यांनी चहा खाली ठेवला आणि शिट्टी मारली.

"गाडी रुळावरून घसरली जी! चला!"

तेव्हापासून आमची रविवारची धाव केंद्राच्या दारात संपू लागली. आम्ही बाक उचलले, पत्र्याच्या छपराची भोकं बुजवली, भिंतींना चुना दिला. मुंबईत घरच्या भिंतीला कधी खिळा न ठोकलेला मी तिथे शिडीवर चढून पडदे टांगत होतो. दमायला व्हायचं आणि मजा यायची. घरी आल्यावर बायको म्हणायची, "परक्यांच्या भिंती रंगवता, इथला पंखा चार महिने कुरकुरतोय."

केंद्रातली वीसेक लहान मुलं ट्रामच्या रस्त्यापलीकडच्या गल्लीतून यायची. रस्ता ओलांडताना आयांचा जीव टांगणीला. ढोबळ्यांनी ते काम अंगावर घेतलं. मुलांची रांग लावायची, प्रत्येकानं पुढच्याचा सदरा धरायचा. मग ढोबळे रस्त्याच्या मधोमध उभे राहून लाल झेंडा दाखवायचे. ट्राम खडखडत थांबायची, ड्रायव्हर हसून घंटा वाजवायचा, ढोबळे शिट्टी मारायचे आणि वीस पोरं "कू... झुकझुक" करत अलीकडे. शिट्टीशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा एकच नियम. मुलं त्यांना गार्डबाबू म्हणायची. सगळी या बाजूला आली की ढोबळे मराठीत ओरडायचे, "मागं कोणी राहिलं का?" आणि अर्थ न कळता ती बंगाली पोरं एका सुरात ओरडायची, "कोनी नाय!"

वार्षिक कार्यक्रम जवळ आला. मुलं पावसाचं नृत्य बसवत होती आणि मागच्या पडद्यावर आम्ही जंगल रंगवत होतो. मी खोडं, सुभेदार आकाश, ढोबळ्यांकडे पानं. तासाभरानं मागे वळून पाहिलं तर आख्खं जंगल लालभडक.

"ढोबळे, हे काय?"

"पानं जी. कशी गच्च झाली की नाही?"

आम्ही हसत सुटलो. ढोबळ्यांच्या हातातला कुंचला थांबला. ते एकदा पडद्याकडे, एकदा आमच्याकडे पाहू लागले. तेवढ्यात मायादी पुढे आल्या. "ओ मा! पलाश!" त्या टाळी वाजवून म्हणाल्या. "गार्डबाबू, कितनी सुंदर पलाश!" पलाश म्हणजे आपला पळस, वसंतात लालभडक फुलणारा; आणि दुसऱ्या दिवसापासून मुलं पावसाऐवजी वसंताचं नृत्य बसवू लागली. मला वाटलं, कलावंत माणसं, लहरी असायचीच.

आता माझ्या कामगिरीबद्दल सांगतो. हे सांगायलाच इतकी वर्षं टाळाटाळ केली.

कार्यक्रमात आम्हा पळणाऱ्यांनीही काहीतरी करावं, असा मायादींचा आग्रह. मला कॉलेजात नकला करायची सवय होती. मी ढोबळ्यांची नक्कल करायचं ठरवलं आणि त्यांचेच झेंडे मागितले. ते जरा थबकले. मग म्हणाले, "न्या जी. पण जपून हं."

शनिवारी दुपारी गॅरेज खचाखच भरलं होतं. मी बायकोच्या मावशीची खाकी पिशवी उसवून केलेली चड्डी घालून स्टेजवर पळालो. शिट्टी मारली, "मागं कोणी राहिलं का?" म्हणालो. मुलं बाकांवर उभी राहिली. मग मी लाल रंगात कुंचला बुडवून एका पाटीवर झाड काढलं आणि ढोबळ्यांच्या आवाजात म्हणालो, "पाहा जी, कसं हिरवंगार!" छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. सगळ्यात मोठ्यानं ढोबळेच हसत होते. हसताना त्यांनी चष्मा काढून पुसला, तोही मला माझ्या नकलेचा विजय वाटला.

उसनी आणलेली वस्तू होती त्याहून नीट करून परत द्यावी, ही आईची शिकवण. घरी जाऊन मी झेंडे धुवायला काढले. हिरव्या झेंड्याच्या कोपऱ्याला एक घट्ट, मळकी गाठ होती. कुणी मारली होती देव जाणे. सेफ्टीपिन घालून, दात लावून, पाव तास खटपट करून मी ती सोडवली. बायकोनं दोन्ही झेंड्यांना कडक इस्त्री केली. मी स्वतःवर फार खूश होतो.

रविवारी तलावावर झेंडे परत दिले. "घडी मोडवत नाही जी," असं म्हणून ढोबळ्यांनी ते तसेच कमरेला खोचले आणि त्या दिवशी नुसत्या शिट्टीवर गाडी सोडली.

मुलांना बक्षिसं मिळणार होती. रस्त्यापलीकडे रांग तयार. लांबून ट्राम येताना दिसली. ढोबळे मधोमध गेले आणि त्यांनी झेंडे काढले. अंगठा एका झेंड्याच्या कोपऱ्यावर फिरला. मग दुसऱ्याच्या. मग पुन्हा पहिल्याच्या. अखेर त्यांनी एक झेंडा वर केला.

हिरवा.

ड्रायव्हरनं घंटा वाजवली आणि ट्राम धडधडत आली. सुभेदार धावले. पण एकही मूल फुटपाथवरून हललं नव्हतं, कारण ढोबळ्यांनी शिट्टी मारलीच नव्हती. शिट्टी ओठांत होती, एक हात वर होता आणि ते स्वतः मागे सरकून रांगेपुढे दुसरा हात आडवा धरून उभे होते. ट्राम गेली. कंडक्टरनं आम्हाला टाटा केला.

"काय ढोबळे, कालचा खेळ अजून संपला नाही वाटतं?" आमच्यातला कुणीतरी म्हणाला. हशा झाला. मीही हसलो.

ढोबळेही हसले. सुभेदारांच्या हातात झेंडे देऊन म्हणाले, "आज पोरांना तुम्ही न्या जी," आणि निघून गेले. पळत नाही, चालत. त्यांना चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

चार दिवस ते तलावावर आले नाहीत. गार्डाविना गाडी काही नीट चालेना. सुभेदार पुढे निघून जायचे, मी मागे एकटा धापा टाकायचो आणि वळणावर कुणी विचारायचं नाही. शेवटी सुभेदारांनी मला बाजूला घेतलं आणि झेंडे हातात दिले. हिरव्याच्या कोपऱ्याला नवी गाठ होती.

"ही तुम्ही मारलीत? कशाला?"

"लिमये," सुभेदार शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं डोळे बांधून बोटांनी बंदूक जोडायला शिकवतात. तो माणूस कोपरा चाचपून झेंडा काढतो, हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. तुम्ही त्यांची एवढी हुबेहूब नक्कल केलीत, तुम्हाला नाही दिसलं?"

मला नाही दिसलं. आवाज उचलला, चाल उचलली, चड्डीसुद्धा उचलली. आणि पलाशची झाडं मायादींना एकाएकी का सुचली, तेही तेव्हाच कळलं.

ढोबळ्यांची खोली रेल्वेच्या रुळांना लागूनच होती. एक कॉट, एक स्टोव्ह, भिंतीला वेळापत्रक. सियालदहकडे जाणारी लोकल गेली की भांडी वाजायची. मी दारातच म्हणालो, "ढोबळे, गाठ मी सोडली."

"ठाऊक आहे जी," ते म्हणाले. "पण इस्त्री झकास होती. वहिनींना सांगा."

मग त्यांनी चहा केला आणि पहिल्यांदाच खरं कारण सांगितलं. छातीचा आजार झाला होता. गोळ्या घेतल्या, वर्षभर घेतल्या. "छाती बरी झाली, पण त्या गोळ्यांनी रंग नेले. लाल नि हिरवं, दोन्ही सारखंच मातकट दिसते. तपासणीत डॉक्टरनं विचारलं, मी आपलं ठोकून दिलं. दोन उत्तरं बरोबर आली, तिसरं चुकलं." ते पुढे म्हणाले, "तुमच्यापासून लपवलं. म्हटलं, यांना कळलं की हेही झेंडे काढून घेतील. आणि बरोबरच आहे जी, पोरं होती रांगेत."

मी झेंडे पुढे केले. त्यांचा अंगठा सवयीनं कोपऱ्यावर गेला आणि थांबला.

"ही कोणी मारली?"

"सुभेदारांनी. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मायादींनाही."

"पहिल्यापासून?"

"हो."

बाहेरून एक गाडी गेली. भांडी वाजून थांबेपर्यंत ढोबळे गाठ चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "आणि तरी गाडी माझ्याच हाती देत होते?"

रविवारी मुलं फुटपाथवर उभी होती. ट्राम आली. ढोबळ्यांचा अंगठा कोपऱ्यावर फिरला. आम्हा सगळ्यांना आता ते दिसत होतं आणि आम्ही सगळे दुसरीकडे पाहत होतो. लाल झेंडा वर गेला, ट्राम थांबली, शिट्टी वाजली. वीस पोरं झुकझुक करत आली. आणि त्या दिवशी रांगेच्या अगदी शेवटी, एका चिमुरडीचा फ्रॉक धरून, मीही आलो.

"मागं कोणी राहिलं का?" ढोबळे ओरडले.

"कोनी नाय!" पोरांबरोबर मीही ओरडलो.